खोकला, मुलांचा (कर्जत तालुका व परिसर)

श्वासमार्गात कफ, धूळ, धूर किंवा बाहेरची वस्तू आली की ती बाहेर टाकण्यासाठी शरीर उबळ काढते, तो खोकला. तो स्वतः रोग नव्हे, लक्षण आहे, आणि बहुतेक वेळा मुलाच्या फायद्याचेच. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणे नेहमीचे आहे. कारण बहुधा विषाणू असतात. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही आणि असा खोकला दोन-तीन आठवड्यांत आपसूक जातो.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेला कर्जत हा पर्जन्यछायेतला, रब्बी ज्वारीचा तालुका. ज्वारीच्या मळणीत उडणारा भुसा, तुरकाट्या आणि गोवऱ्यांवर पेटणारी चूल, ऊसतोडीच्या हंगामात फडाशेजारच्या कोपीत थंडीत झोपणारी मुले, हे सगळे इथल्या खोकल्याच्या मागे असते. चुलीच्या धुरात वाढणाऱ्या मुलांना न्यूमोनियाचा धोका अधिक असतो. एकखणी घरात धूर टाळणे सोपे नाही. तरी भाकरी होईपर्यंत तान्हे बाळ आजीकडे ओसरीवर दिले तरी फरक पडतो.

न्यूमोनिया ओळखायचा तर खोकल्याचा आवाज ऐकून घाबरण्यापेक्षा श्वास मोजावा. मूल शांत किंवा झोपलेले असताना, दूध पीत नसताना, झबले वर करून पोटाकडे बघावे आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण बाळाचा श्वास एका चालीने चालत नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक भरला तर तो जलद समजतात. असे मूल त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावे. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे पडले असतील, मूल अंगावर पीत नसेल, झोपेतून उठत नसेल किंवा त्याला झटके आले असतील, तर १०८ ला फोन करावा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला जलद श्वास किंवा ताप असेल तर घरी थांबूच नये.

हे मोजणे आईला किंवा गावातल्या बाईला जमेल का, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रानेच दिले आहे. कर्जतला लागून असलेल्या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि फारशा न शिकलेल्या गावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ पासून न्यूमोनियावर काम केले. आकडे न येणाऱ्या दायांसाठी तिथे मण्यांचे श्वासमापक केले: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळूचे घड्याळ संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. गावातच औषध मिळू लागल्यावर न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी राहिले. हा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. गावोगावच्या आशाताईंच्या आजच्या कामाला या अनुभवाचा मोठा आधार आहे.

इतके ठाऊक असूनही घरोघरी पहिली धाव असते ती बाटलीकडे. खोकल्याच्या सिरपने लहान मुलांचा खोकला बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. अपाय मात्र दिसलेला आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात ‘कोल्ड्रिफ’ सिरप घेतलेली वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे विष सापडले. हेच विष १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून पोटात जाऊन १४ रुग्ण दगावले होते, आणि त्याची चौकशी न्या. लेंटिन आयोगाने केली होती. चाळीस वर्षांनी तेच घडावे, हे फार वाईट आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने पुन्हा बजावले: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा टाळावीत. मोठ्या भावंडाची उरलेली बाटली धाकट्याला पाजणे तर कधीच नको.

घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. अंगावरचे दूध चालू ठेवावे, थोडे थोडे कोमट पाणी किंवा वरणाचे पाणी द्यावे, नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत. वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध चालतो. वर्षाच्या आत मध मुळीच नको, बोट चाटवण्यापुरताही नको. केळे, दही बंद करून मुलाला उपाशी ठेवू नये, आधीच अशक्त मुलाला उपास सोसत नाही. नाकात तेल सोडणे, कापूर पोटात देणे, बिब्ब्याचे डाग देणे, हे तिन्ही घातक.

काही खोकले ओळखून ठेवावेत. उबळीवर उबळ येऊन शेवटी ‘हूप’ असा आवाज आणि ओकारी, तो डांग्या खोकला. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची लस आणि पुढचे बूस्टर त्यापासून वाचवतात. रात्री किंवा पळाल्यावर येणारा, घरघर असलेला खोकला दम्याचा असू शकतो, आणि पंपाची सवय लागते ही भीती खोटी आहे. दोन आठवड्यांवर खोकला, सोबत ताप किंवा वजन घटणे, किंवा घरात कुणाला क्षय असेल, तर तपासणी करून घ्यावी. खेळता खेळता अचानक ठसका लागून सुरू झालेला खोकला वेगळाच: शेंगदाणा, हरभरा किंवा सीताफळाची बी श्वासनळीत गेलेली असू शकते. मूल खोकते आहे, रडते आहे तोवर तोंडात बोट घालून शोधू नये, दाणा आणखी आत जातो. ठसका थांबला म्हणून निश्चिंत राहू नये. अडकलेला दाणा दुर्बिणीनेच काढावा लागतो, आणि त्यासाठी मूल लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते.