गायनाच्या शाळेतील वर्षान्त

गुरुगृही राहून गाणे शिकणाऱ्या शिष्याला वर्षाचा शेवट म्हणून काही नसे. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारख्या गुरूंकडे राहणाऱ्याने पहाटे खर्ज भरावा, तंबोरे जुळवावेत, घरची कामे उरकावीत, आणि बुवांची लहर लागली म्हणजे पदरात पडेल ती चीज उचलावी; या क्रमाला ना इयत्ता होती ना मुदत, आणि शिक्षण पुरे झाले असे सांगण्याचा अधिकार एकट्या गुरूचा, आणि गुरू तो सहसा वापरीत नसे.

त्याच बुवांच्या तालमीत तयार झालेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा हजेरी, फी, छापील क्रमिक पुस्तके आणि परीक्षा हे शाळाखात्याचे सारे दफ्तर त्यांनी गायनाच्या वर्गात आणून ठेवले. खानदानी उस्तादांना याचे हसू आले असल्यास नवल नाही. १९०८ साली मुंबईस शाखा निघाली. पुढे इमारतीच्या कर्जापायी वास्तूचा लिलावही झाला, परंतु १९३१ साली पलुसकर निवर्तल्यावर त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापून ही परीक्षापद्धती गावोगाव नेली, आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही नावे मराठी मध्यमवर्गाच्या घरात मॅट्रिकइतकीच सवयीची झाली.

त्या परीक्षेचा प्रसंग पाहण्यासारखा असतो. आत परीक्षक 'भीमपलास म्हणा' अशी आज्ञा करतात. नि सा ग म प ही चढण नीट जाते, पण घाईत आरोहातच धैवत निसटतो, आणि परीक्षक मान वर न करता 'आता बागेश्री' एवढेच म्हणतात. कारण आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य करणारा भीमपलास आणि धैवतावाचून उभाच न राहणारा बागेश्री, हे एकाच काफी थाटातील दोन राग वेगळे राखता येतात की नाही, हेच त्यांना पाहावयाचे असते. मग हातावर एकतालाची दुगुण धरावयाची, म्हणजे बारा मात्रांचे बोल सहा मात्रांत बसवावयाचे, आणि तेथे भल्याभल्यांची सम चुकते.

या पद्धतीने राग परीक्षेपुरता पाठ होऊ लागला, यमन पुरता अंगी मुरण्यापूर्वीच पुढचे चार राग दारात उभे राहू लागले, ही तक्रार खरी आहे आणि ती मी नाकारणार नाही. पण गुरूच्या घरी राहून सेवा करणे जिला कधीच शक्य नव्हते, त्या मुलीला ठरल्या वेळी वर्गास जाऊन दिवेलागणीला घरी परतता येऊ लागले, आणि वडीलधाऱ्यांपुढे ठेवावयास शिक्कामोर्तब केलेला दाखला मिळाला. त्या दाखल्याच्या आधारावर कित्येकींनी पुढे शाळेत संगीतशिक्षिकेची नोकरी धरली आणि स्वतःच्या विद्यार्थिनी परीक्षेस बसविल्या.