काइन हाबेलाला काय म्हणाला?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांची चिठ्ठी आली. बायबलातली भावाभावांची भांडणं इथे कोपरमध्ये बसून आम्ही कशाला ऐकायची, आमच्याकडे काय कमी आहेत? प्रश्न रास्त आहे. खाडीकाठची भाताची शेतं गेली, इमारती आल्या, आणि सातबाऱ्यावर कोणाचं नाव लागलं, कोणाचं राहिलं यावरून एका ताटात जेवलेले भाऊ एकमेकांच्या दारातली लग्नं चुकवू लागले. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या घरीही दोन चुलत्यांनी ओटीच्या मधोमध भिंत घातली होती. आजी दोन्ही बाजूंना आळीपाळीने बसायची. तेव्हा आज या चिठ्ठीपासूनच सुरुवात करू.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात मोठा भाऊ काइन शेतकरी आणि धाकटा हाबेल मेंढपाळ आहे. दोघेही देवाला आपापलं काही आणतात. देव हाबेलाचं स्वीकारतो, काइनाचं नाही. का? कथा सरळ उत्तर देत नाही. पुढे एक विलक्षण गोष्ट आहे. हिब्रू मूळ संहितेत, काइन आपल्या भावाशी बोलला असं म्हणून वाक्य तुटतं. काय बोलला ते तिथे नाहीच. लगेच पुढे दोघे शेतात आहेत आणि खून होतो. ग्रीक भाषांतरकारांना ही मोकळी जागा सहन झाली नाही. त्यांनी काइनाच्या तोंडी शेतात जाण्याचं बोलावणं घातलं आणि आज बऱ्याच भाषांतरांत तेच आढळतं.

ज्यू पंडितांनी मात्र या जागेत अख्खं भांडण बसवलं. ‘बेरेशित रब्बा’ हे उत्पत्तीवरचं जुनं भाष्य आहे. त्यात एक मत असं, की दोघा भावांनी जगाची वाटणी केली. एकाने जमीन घेतली, दुसऱ्याने जंगम मालमत्ता. मग एक म्हणतो, तू उभा आहेस ती जमीन माझी, वर उड. दुसरा म्हणतो, तुझ्या अंगावरचं वस्त्र माझं, उतरव. आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं आणि मग एकदम आलं नाही. कारण हे तर आपल्या तलाठी कचेरीबाहेरचं बोलणं! दुसरं मत असं, की देवाचं मंदिर कोणाच्या हद्दीत उभं राहायचं, यावरून ते भांडले. तिसऱ्या मताप्रमाणे कारण स्त्री होती. जमीन, देव, बाई. पंधराशे वर्षांपूर्वीच्या पंडितांनी यादी पुरी केली.

पण आम्हांला वाटतं, पंडितांनी इथे कथा थोडी सोपी करून घेतली. वाटणीचं भांडण कितीही कडू असलं तरी त्याला मोजमाप असतं. आपल्याकडचा मिताक्षरा कायदा विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य दरबारात लिहिला. (ही कल्याणी म्हणजे आपलं पुढचं स्टेशन नव्हे, बसवकल्याण.) त्यात मुलाचा हक्क जन्मतःच येतो आणि भावांचे हिस्से समान. म्हणून आपली भाऊबंदकी बांधावरची, दोरी धरून मोजण्याची. जिथे वस्तू तोडता येत नाही तिथे तिचं रूप बदलतं. पेशवाईची गादी एकच होती, आणि 1773 मध्ये नारायणरावाचा खून झाला. खाडिलकरांनी 1909 मध्ये त्यावर नाटक लिहिलं तेव्हा भांडण काका-पुतण्याचं असूनही नाव ‘भाऊबंदकी’ हेच दिलं.

बायबलातल्या भावांना हवं असतं ते असं न तुटणारं काहीतरी. इसहाक म्हातारा, आंधळा. धाकटा याकोब हातांवर करडाचं कातडं गुंडाळून केसाळ एसावाचं सोंग घेतो आणि बापाचा आशीर्वाद नेतो. एसाव शिकारीहून येतो आणि मोठ्याने रडत विचारतो, की बापाकडे आशीर्वाद एकच होता काय. शेत असतं तर अर्धं करता आलं असतं! गंमत बघा, अनुवाद नावाच्या पुस्तकात नियम आहे, की आवडतीच्या मुलासाठी नावडतीच्या थोरल्या मुलाचा दुप्पट वाटा बुडवू नये. आणि याच याकोबाने पुढे आवडत्या राहेलीच्या योसेफाला खास झगा देऊन लेआच्या मुलांच्या काळजात काटा पेरला.

ही कथा सगळीकडे गेली. कुराणाची बारावी सूरा यूसुफाची आहे. टॉमस मानने योसेफावर चार खंड लिहिले. स्टाइनबेकच्या 1952 च्या ‘ईस्ट ऑफ ईडन’मध्ये मुलाने कमावून आणलेले पैसे बाप नाकारतो, तिथे काइनच उभा आहे. पण ती मराठीत आली ती जागा आम्हांला जास्त महत्त्वाची वाटते.

गोव्यातल्या सासष्टीत इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. ते 1616 मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. पहिलं पुराण जुन्या करारावर, दुसरं ख्रिस्तचरित्रावर. ओव्या जवळजवळ अकरा हजार. मराठी माणसाला त्यातली भाषास्तुती तेवढी पाठ असते, पुढची पानं सहसा कोणी उलटत नाही. (साष्टी आपल्या शेजारीही आहे, ठाणे-मुंबईची. दोन्ही नावांचं मूळ सहासष्ट गावांत सांगतात, आणि दोन्हीकडे राज्य पोर्तुगीजांचंच.)

हे पुराण ऐकणारे कोण होते, ते लक्षात घ्या. 1567 मध्ये सासष्टीतली देवळं पाडली गेली होती. कुठ्ठाळीचा मंगेश त्याआधीच जुवारी ओलांडून प्रियोळला गेला होता; केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. पलीकडे आदिलशाही होती. देवांबरोबर माणसं गेली, पण जमीन जात नाही. म्हणून एक भाऊ बाप्तिस्मा घेऊन जमिनीपाशी राहिला आणि दुसरा देव घेऊन नदीपार गेला, अशी आठवण गोव्यातली कितीतरी घराणी सांगतात. दोन आडनावं झाली, कूळ एकच. पोर्तुगीज फर्मानं वारशातही धर्मांतरिताची बाजू घेत. आता रविवारी देवळात बसलेल्या त्या पहिल्या भावापुढे ओवी गायली जाते: दोन भाऊ, दोघांची दोन अर्पणं, एकाचं देवाने घेतलं. पाद्रीसाहेबांच्या दृष्टीने अर्थ उघड होता. पण ऐकणाऱ्याचा देव नदीपलीकडे भावाच्या हाती होता आणि पायाखाली जमीन त्याच्या स्वतःच्या. ‘बेरेशित रब्बा’तली वाटणीच ती! यातला काइन कोण आणि हाबेल कोण? आम्ही वर्गात हा प्रश्न अनेकदा टाकला. गोव्याकडची मुलं अशा वेळी खाली बघायची.

आपल्या ठाण्यात ही कथा दुसऱ्या वाटेनेही आली. टेंभी नाक्याजवळचं बेने इस्राएली मंडळींचं शार हाशामाईम सिनेगॉग 1879 चं. त्याच सुमारास, 1880 च्या आसपास, मुंबईत त्यांच्यात मराठी कीर्तनं सुरू झाली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे कीर्तनात आले. योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकलं, विकलं, पुढे तो मिसरात मोठा अधिकारी झाला आणि दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला दारात आले. हे आख्यान कीर्तनात रंगणारच.

पण योसेफाची गोष्ट त्या भेटीशी संपत नाही. कीर्तनकार बहुधा गळाभेटीवर थांबतात; ग्रंथ थांबत नाही. बाप याकोब मरतो आणि भाऊ पुन्हा घाबरतात: आता मधे कोणी नाही, हा सूड घेईल. मग ते योसेफाला निरोप पाठवतात, की बापाने जाण्यापूर्वी सांगून ठेवलं होतं, भावांना क्षमा कर. याकोब असं बोलल्याचं ग्रंथात आधी कुठेही आलेलं नाही. निरोप भावांनी रचला, असंच जुन्या भाष्यकारांनीही मानलं. चिठ्ठी पाठवणाऱ्या सद्गृहस्थांनी इथे जरा थांबावं. बाप गेल्यावर बापाच्या नावाने कागद पुढे करणारे भाऊ आपण कोपरमध्येही पाहिलेत, फक्त तो कागद बहुधा क्षमेचा नसतो.

योसेफाने निरोप ऐकला. खरा की खोटा, ते त्याने विचारलं नाही. तो रडला, आणि त्यांच्या मुलाबाळांच्या धान्याची सोय आपण करू, असं त्याने त्यांना सांगितलं.