तळटीप २३ : दोन-तीन नंबर

२३. दोन-तीन नंबर : काळाचौकीची इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३. मूळची ससून घराण्याच्या मिलसमूहातली. पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे. लेखक ज्या हाफेनसिटीत फिरतो आहे, ती हॅम्बुर्गची एल्बकाठची नवी वस्ती, जुन्या बंदराच्या जागेवर या शतकात उभी राहिलेली. तिथे एका गोदामाच्या विटांच्या भिंती जशाच्या तशा ठेवून वर संगीतगृह चढवले (२०१७). त्या भिंतींपाशी त्याला काळाचौकी आठवावी, हे स्वाभाविकच आहे. १९८२च्या संपानंतर गिरणगाव उजाड होत गेले. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : मालक, पालिका, म्हाडा. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. कामगारांच्या घरांसाठी जागा त्यामुळेच अपुरी पडली आणि चिमण्यांच्या जागी टॉवर आले. हा अन्याय ठाऊक असल्याशिवाय लेखकाचा पुढचा संताप कळणार नाही. दोन-तीन नंबरच्या आवारातली जागा मात्र, तिथल्या तळ्यासकट, पालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयासाठी घेतली.