तोतोरा : कुजणाऱ्या लव्हाळ्याचा इतिहास
पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवरील तितिकाका सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८१२ मीटर उंचीवर आहे. त्याच्या उथळ काठांवर माणसाच्या दुप्पट उंचीचे तोतोरा माजते. दिसायला ते बोरूसारखे, पण गवत नव्हे; कुळ नागरमोथ्याचे. भोवतालच्या पठारावर झाडे विरळ, त्यामुळे हवेने भरलेला हा भुसभुशीत दांडाच तिथले लाकूड झाला.

होसे दे अकोस्ता या जेझुइट पाद्र्याच्या १५९०च्या ग्रंथात त्याची नोंद आहे : डुकरे, घोडे आणि माणसेही तोतोरा खातात; घर, जळण आणि होडी त्याचीच. सरोवरात राहणारे उरू लोक आपण माणसे नसून उरू आहोत असे सांगतात, असेही त्याने लिहिले. परक्या पाद्र्याला मिळालेले हे उत्तर भाबडे होते की खवचट, कोण जाणे.

उरूंची तरंगती बेटे तोतोराच्या मुळांवरच उभी आहेत. मुळांचे गुंतलेले, आपोआप तरंगणारे ठोकळे कापून एकमेकांना बांधतात, त्यांवर कापलेल्या दांड्यांचे आडवे-उभे थर अंथरतात आणि बेट वाहून जाऊ नये म्हणून खुंटांना जखडतात. खालचा थर कुजतो, तसा वरून नवा घालावा लागतो. सरोवराचे पाणी जिथून बाहेर पडते त्या देसाग्वादेरो नदीवरचा इंका काळातील तरंगता पूलही असाच वरचेवर नवा करावा लागे. बाल्सा ही होडीसुद्धा फार तर वर्षभर टिकते. जुनी होडी जपून ठेवण्याची सोयच नाही. त्यामुळे बांधणीची विद्या मात्र कधी अडगळीत पडली नाही.

तिची कसोटी सरोवराबाहेर लागली. नॉर्वेच्या थॉर हायरडालची पपायरसची नौका ‘रा’ १९६९ मध्ये अटलांटिकमध्ये मोडली. दुसरी बांधायला त्याने तितिकाकाचे चार आयमारा कारागीर मोरोक्कोला नेले. १९७० मध्ये ‘रा २’ साफी बंदरातून ५७ दिवसांत बार्बाडोसला पोहोचली. पपायरस कारागिरांना नवे होते, बांधणी मात्र घरचीच.

पेरूने १९७८ मध्ये सरोवराचा काही भाग राखीव केला, तो मुख्यतः तोतोराच्या रानांसाठी. उरूंची उपजीविका आता बरीचशी पर्यटनावर चालते. पर्यटकांना फिरवणाऱ्या काही मोठ्या बाल्सांच्या पोटात हल्ली रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या भरलेल्या असतात. बाहेरून दिसते ते तोतोराच.