देणगी-संकलन

देणगी-संकलन : स्वयंसेवी वा धर्मादाय संस्थेने आपल्या कामासाठी लोकांकडून पैसा, धान्य, जमीन किंवा वस्तू मिळवणे आणि देणाऱ्याशी संबंध राखणे. यातले मिळवणे हे हंगामी काम. राखणे मात्र बारमाही असते आणि संस्था बहुधा तिथेच उघड्या पडतात.

महाराष्ट्रात या व्यवहाराचा अभ्यास करायचा तर धोंडो केशव कर्वे यांच्यापासून सुरुवात करावी. १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन करताना त्यांनी स्वतःच्या शिलकीतले एक हजार रुपये आधी घातले, मग इतरांकडे मागितले. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून उरलेल्या वेळात ते वर्गणीसाठी हिंडत. पत्नी आनंदीबाई (बाया कर्वे) यांनीही आश्रमासाठी पैसे गोळा केले. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. १९२० मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाख रुपये देऊ केले, पण अटींसह : विद्यापीठाला आपल्या आईचे नाव द्यावे आणि त्याचे मुख्य ठाणे पुढे मुंबईत न्यावे. कर्व्यांनी दोन्ही मान्य केल्या. ‘एसएनडीटी’ या आद्याक्षरांत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव आजही आहे. ठाणे १९३६ मध्ये मुंबईला हलले. एवढा दाता मिळूनही कर्व्यांचे फिरणे थांबले नाही. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ ते १९३२ या काळात, ते युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिकेत जाऊन आले. एकाच दात्याच्या भरवशावर न राहण्याचा हा शहाणपणा फार थोड्या संस्थांना साधतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांची वाट निराळी. रयत शिक्षण संस्थेच्या (स्थापना १९१९) वसतिगृहांसाठी घरोघरच्या बायका मूठ-मूठ धान्य बाजूला काढत. देणारी बाई गरीब, पण शाळेवर तिचा हक्क लागे. नाव बदलण्याच्या अटीवर आलेली देणगी भाऊरावांनी झिडकारली, अशी आठवण सांगतात. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. नावाच्या प्रश्नावर कर्वे बरोबर की भाऊराव, हा वाद व्यर्थ आहे. अट कामाला बाधते का, एवढेच पाहायचे.

आजचा व्यवहार पावतीवर चालतो. तीवर न्यासाचा नोंदणी क्रमांक, देणाऱ्याचा पॅन, रक्कम आणि ती ‘कायम निधी’साठी की चालू खर्चासाठी, ही नोंद असते. शेवटच्या नोंदीकडे कारकून दुर्लक्ष करतात. वास्तविक कायम निधीचे मुद्दल राखून फक्त व्याज वापरायचे असल्याने नंतरचे तंटे तिथेच उगवतात. राज्यातील न्यासांवर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यान्वये धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. आयकरातील ‘८०जी’ सवलत दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. परदेशी पैशासाठी २०१० च्या कायद्याखाली परवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीने त्यातून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते.

कंपनी असो वा व्यक्ती, इमारत आणि रुग्णवाहिका यांना दाते लवकर मिळतात, कारण त्यांवर पाटी लावता येते. शिपायाचा पगार, विजेचे बिल आणि हिशेबनिसाचे मानधन यांना कोणी दाता भेटत नाही.