कुलकर्णी : हुद्दा आणि आडनाव

सिल्वाशातील आमच्या शाळेत हजेरी घेताना ‘सर, हे सगळे कुलकर्णी एकाच घरातले का?’ हा प्रश्न ठरलेलाच असतो. वस्तुतः कुलकर्णी हे घराण्याचे नव्हे, गावाचे दप्तर लिहिणाऱ्या वतनदाराच्या हुद्द्याचे नाव. १९५० च्या मुंबई कायद्याने वतन गेले, आडनाव राहिले. (पोर्तुगीज अंमलाखालील सिल्वाशाला तो कायदा लागू नव्हता.) शिवकालीन महाराष्ट्राच्या अर्थजीवनाचे इतिहासकार अ. रा., दिल्ली शिल्पी चक्राच्या संस्थापकांपैकी एक, बेळगावचे चित्रकार के. एस., आणि सेकंदाला ६४२ फेरे घेणारा पल्सार १९८२ मध्ये शोधणाऱ्या चमूतील श्रीनिवास, हे तिघेही कुलकर्णी. परंतु केवळ नामसूचीच्या आधारे त्यांना एका कुळात बसविणे म्हणजे बनावट वंशावळ रचणे होय. जुन्या कागदांत तर पुष्कळदा ‘कुलकर्णी, मौजे अमुक’ एवढेच आढळते; तेथे संशोधकाने आधी मौजे पाहावे, कुलकर्णी मागाहून.