प्रेस एनी की

मागच्या आठवड्यात भाच्याचा फोन. बारामतीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. कुठल्याशा शाळेचे जुने पीसी त्याच्याकडे आलेत. "मामा, तुझ्याकडे ती विन-पीईची जुनी सीडी आहे का? नव्या किटमध्ये ३२-बिटचं मिळतच नाहीये." खरं आहे त्याचं. विंडोज ११ च्या किटमधून मायक्रोसॉफ्टने ते काढून टाकलं.

सीडी सापडली. तिच्यासोबत एक किस्साही आठवला, जो घरात मी कधी धड सांगितलेला नाही.

ज्यांना विन-पीई माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं (बाकीच्यांनी हा पॅरा सोडला तरी चालेल). कोऱ्या हार्डडिस्कवर विंडोज चढवायचं तर आधी मशीन कशावर तरी सुरू व्हायला हवं. पूर्वी हे काम डॉसची फ्लॉपी करायची. नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर आणि घोस्ट त्यात कोंबायचं म्हणजे १.४४ एमबीत संसार थाटणं! एक्सपीच्या काळात मायक्रोसॉफ्टने विन-पीई काढलं. विंडोजच, पण फक्त सांगाडा. मात्र ते पीसी बनवणाऱ्यांना आणि मोठ्या ग्राहकांनाच मिळे. आमच्यासारख्यांची सोय बार्ट नावाच्या एका डच गृहस्थाने केली, त्याचं बार्टपीई आम्ही बरीच वर्षं वापरलं. व्हिस्टा आलं तेव्हा, २००७ च्या सुमारास, मूळ विन-पीई सगळ्यांना फुकट झालं.

आमच्याकडे त्याची गरज होती ती लॅबमुळे. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, मग एमएस-सीआयटी आलं आणि तालुक्याच्या गावांतही दहा-बारा मशीनच्या लॅब उभ्या राहिल्या. बारामतीत विद्या प्रतिष्ठानसारखी १९७२ पासूनची मोठी संस्था. इंदापूरच्या बाजूला मात्र एक शिक्षक, एक इन्व्हर्टर आणि काही बिघडलं की बारामतीहून जाणारा माझ्यासारखा माणूस. भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी... गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून बाईक काढत पोचेपर्यंत लोडशेडिंग सुरू झालेलं असायचं. दोन भारनियमनांच्या मधल्या वेळात सगळी लॅब भरायची.

त्यात मराठीचा घोळ. एक्सपीत मराठी आपोआप चालत नसे. प्रत्येक मशीनवर रीजनल सेटिंगमध्ये जाऊन खूण करायची, मग एक्सपीची सीडी घालायची. नाहीतर आपले हेच ब्लॉग तिथे नुसते चौकोन दिसायचे. पोरांना वाटे, इंटरनेटवर मराठी नसतंच.

म्हणून एका मशीनवर सगळं नीट करायचं, मराठी कीबोर्डसकट, आणि इमेजएक्सने त्याची एक विम फाईल बनवायची. मग विन-पीईची बूट फाईल उघडून तिच्यात लॅबच्या नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर घालायचा. शेवटी स्टार्टनेट या छोट्या फाईलमध्ये कामं ओळीने लिहायची: नेटवर्क चालू कर, डिस्क पुसून पार्टिशन पाड, माझ्या लॅपटॉपवरून इमेज आण, चढव. विन-पीई पूर्णपणे रॅममध्ये बसतं, त्यामुळे ते सुरू झालं की सीडी काढून शेजारच्या मशीनला लावता येते. एका सीडीवर अख्खी लॅब! मला तेव्हा याचं इतकं अप्रूप होतं की विचारू नका.

फक्त एक गोष्ट खटकायची. सीडीवरून सुरू होताना मशीन विचारतं, प्रेस एनी की. पाच सेकंदांत बटण दाबलं नाही की संधी गेली. हा प्रश्न बूटफिक्स नावाच्या इवल्याशा फाईलमुळे येतो. ती काढली की प्रश्न बंद. मी काढली.

२००९ चा हिवाळा, इंदापूरकडची एक लॅब. नव्या सीडीच्या दोन कॉप्या मी त्यांच्याच ऑफिसच्या पीसीवर बर्न केल्या. एक घेऊन लॅबमध्ये गेलो, दुसरी ड्राइव्हमध्येच राहिली. लाईट गेली. आम्ही चहाला गेलो. लाईट आली, आणि वीज येताच आपोआप सुरू होण्याची सेटिंग असलेला तो पीसी उठला. त्याला कुणी काही विचारलं नाही, त्यानेही कुणाला विचारलं नाही. परत आलो तर ऑफिसचा पीसी हुबेहूब लॅबच्या मशीनसारखा. स्वच्छ डेस्कटॉप, मराठी कीबोर्ड, आणि दोन वर्षांच्या फीचे हिशेब गायब. रिकव्हरीचे सॉफ्टवेअर चालवून पाहिले, पण त्याच जागेवर नवी इमेज लिहिली गेली होती. हाती फार काही लागलं नाही.

पुढचे चार रविवार मी तिथे बसून पावतीपुस्तकं वाचून दाखवली आणि ऑफिसच्या मॅडमनी एक्सेलमध्ये आकडे भरले. त्या एका शब्दानेही रागावल्या नाहीत. फक्त दर रविवारी मी आत आलो की आधी सीडी ड्राइव्ह उघडून बघायच्या.

असो. भाच्याला दिली ती त्यानंतरची सीडी. तिच्यात बूटफिक्स परत आहे, शिवाय डिस्क पुसण्याआधी मशीनचं नाव टाईप करायला लावणारी एक ओळ. काल त्याचा फोन आला होता. वीस मशीनवर वीसदा टाईप करायचं म्हणजे कंटाळा येतो, ती ओळ काढू का म्हणून विचारत होता.